नळीवरची पट्टी

सेन्सरचा दुसरा स्क्रू आवळत असताना फोन वाजला. मिस्त्रीचे हात काळे होते, म्हणून त्याने करंगळीने स्पीकर चालू केला. मेहुणी दवाखान्यातून बोलत होती.

"भावोजी, हातातलं टाका आणि या."

"येतो. गाडी होतच आलीय. तुझ्या ताईला घरी आणताना पेट्रोलचा वास नको."

"गाडीची घाई नाही आता."

त्याने स्क्रू पूर्ण आवळला. बॉनेट लावलं. मग नळाखाली हात धरले, आणि फेस काळा यायचा थांबला तरी चोळत राहिला.

बायकोचं आजारपण त्याच्या लेखी थोड्या दिवसांचं होतं. एका सकाळी ती ओट्यापाशी कोसळली. डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावून सांगितलं, फार उशीर झालाय. ती गेल्यावर भेटायला येणारे म्हणत, निदान हाल तरी झाले नाहीत. तोही तसंच म्हणायला लागला होता.

गाडी तिचीच होती, जुनी, लहानशी. ती त्याला दारात नको झाली. ओळखीचा टॅक्सीवाला घ्यायला तयार झाला आणि एक चक्कर मारून आला. मागे काळा धूर होता.

"मिस्त्री, ही तर माझ्यापेक्षा जास्त पिते."

"नवा सेन्सर टाकलाय."

"मग तोही पिऊनच आलाय!"

मिस्त्रीने बॉनेट उघडलं. इंजिन चालू ठेवून कान लावला. मागच्या बाजूने बारीक फुसफुस ऐकू येत होती.

"नळी फुटलीय," तो म्हणाला. "इंजिनची ओढ या नळीतून सेन्सरला कळते. नळी फुटली की ओढ पोचत नाही. त्याला वाटतं गाडी चढावर आहे, मग पेट्रोल वाढतं. सेन्सर बदलून काय उपयोग?"

"मग बदललास कशाला?"

गिऱ्हाइकाची गाडी असती तर त्याने आधी नळी पाहिली असती. घरच्या गाडीच्या नळीचं त्याने सेन्सरकडचं वरचं टोक काढून परत बसवलं होतं, एवढंच.

इंजिन बंद करून त्याने एअर फिल्टर बाजूला केला. नळीच्या खालच्या टोकाला कसली तरी पट्टी गुंडाळलेली होती. त्याच्याकडची काळी टेप नव्हे. त्याने अंगठ्याने काजळी पुसली. खाली पांढरी चिकटपट्टी निघाली, सलाइनच्या सुईवर लावतात तसली. उष्णतेने कडक होऊन तिची कड सुटली होती. अशी कडक व्हायला पट्टीला महिनोन्‌महिने लागतात. आणि दवाखान्यात भरती झाल्यापासून बायको या गाडीत बसलीच नव्हती.

त्याने तिथेच उभ्या उभ्या मेहुणीला फोन लावला.

"नळीला पट्टी कुणी लावली?"

"ताईनं. गावाबाहेरच्या दवाखान्यातून येताना गाडी सारखी बंद पडत होती. तिनंच बॉनेट उघडलं. कान लावला, तुम्ही लावता तसा. मग हातावरची पट्टी सोडवून गुंडाळली."

"कधीची गोष्ट?"

"मागच्या हिवाळ्यातली. महिन्यातून एकदा जायचो आम्ही."

"आणि मला सांगायचं नाही?"

"शपथ घातली होती तिनं. म्हणाली, ह्यांना कळलं तर गॅरेज बंद करून माझ्याजवळ बसून राहतील."

"बसलो असतो," मिस्त्री म्हणाला. "तेवढं तरी जमलं असतं मला."

"आणि पट्टीचंही सांगू नको म्हणाली. हसतील म्हणे."

त्याने फोन ठेवला. टॅक्सीवाला चुळबुळ करत उभा होता.

"काय रे? मोठं काम निघालं का?"

"नाही. वीतभर नळीचं काम."

"मग टाक की. मी थांबतो."

मिस्त्रीने फळीवरून नवी नळी काढली, जुनीच्या मापाने कापली, फुंकर मारून साफ केली. जुनी नळी ओढायला हात घातला. बोटं पट्टीवर गेली आणि तिथेच राहिली. तिने वेढे घट्ट, एकावर एक दिले होते. काम चांगलं होतं.

"उद्या ये," तो म्हणाला.

टॅक्सीवाला दुसऱ्या दिवशी येऊन गेला, त्यानंतरही एकदोनदा आला. मग त्याने दुसरी गाडी घेतली.

मापाने कापलेली नळी फळीवर आहे. जुनी काढायची राहिली आहे.