सपाट माथ्याचं टूल

अब्बांना नीट दिसत नाही हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे अब्बांना माहीत नव्हतं. निदान मी तसं समजून चालले होते. बापलेकींनी असं एकमेकांपासून चोरून लेथचं दुकान चालवायचं म्हणजे कसरतच.

उरण नाक्यामागे आमचं दुकान; नाव उरणचं, पण उरण इथून बरंच लांब. लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, मी चालवते, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण टूल अब्बाच घासणार. डब्यातून हायस्पीड स्टीलची चौकोनी कांडी निवडायची, ग्राइंडरच्या दगडावर धरून तिला जॉबप्रमाणे, म्हणजे कातायच्या वस्तूप्रमाणे, आकार द्यायचा, धार आणायची, हे काम इलियास उस्तादांचं, म्हणजे अब्बांचं. मी ग्राइंडरपाशी नुसती उभी राहिले तरी अब्बा, त्यांच्या ताटातला घास मी उचलल्यासारखं तोंड करायचे. हल्ली तयार टूलं मिळतात असं मी एकदा बोलले, तर घरात अबोला. उरणकडचे नाखवे त्यांच्या हातच्या धारेसाठी एवढ्या लांब येतात, हाच त्यांचा थाट. तो गेला तर माणूस खचेल, म्हणून मी गप्प होते.

त्या दिवशी करंज्याचा दादू नाखवा होडीच्या पंख्याचा शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश कातून घ्यायला आला. गनमेटलचा, नुकताच ओतून आणलेला. मासेमारीची बंदी परवा उठणार होती. हा बिघडला तर दुसरा ओतून मिळेपर्यंत बाकीच्यांच्या होड्या मासळी घेऊन परतल्या असत्या. दादू बसेना. दारापासून लेथपर्यंत येरझाऱ्या, मध्येच फोन, पुन्हा येरझाऱ्या. त्याला बघून माझेही हात चुळबुळायला लागले.

अब्बांनी डबा चाचपून एक टूल उचललं, दगडावर धार धरली, ठिणग्या उडाल्या. टूल माझ्या हातात देऊन म्हणाले, लाव.

मी ते उलटून बघितलं. टूलच्या माथ्याला उतार होता. लोखंडाला तसाच लागतो. पण पितळ-गनमेटलला माथा सपाट हवा. उतार असला की टूल आत ओढलं जातं, रुततं, आणि जॉबचा सत्यानाश करूनच थांबतं. हे मला अब्बांनीच शिकवलं, तेही पाठीत धपाटा घालून. आज त्यांनी लोखंड कातायचं टूल उचललं होतं आणि त्यांना ते कळलं नव्हतं.

इकडे आड, तिकडे विहीर. बोलले तर संध्याकाळच्या आत करंज्याच्या धक्क्यावर अब्बांच्या डोळ्यांची बातमी. न बोलले तर दादूचा बुश गेला. गुपचूप दुसरं टूल घ्यावं, तर डबा अब्बांच्या मांडीवर. मी टूल बांधलं, सोडलं, उंची जुळवायला खाली पातळ पत्री घातली, पुन्हा बांधलं. बुश धरून ठेवणारा चक आवळलेला होता तरी आवळला. तेल घातलं. दादूला चहा विचारला, तो नको म्हणाला. अब्बा म्हणाले, आज काय मुहूर्त काढतेस काय? मला त्यांचा राग आला. इतका हट्टी माणूस, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला असता तर? मग स्वतःचा आला.

शेवटी मी टूल सोडवून त्यांच्या हातात ठेवलं.

"अब्बा, माझ्या डोळ्यात काहीतरी गेलंय. माथा बरोबर आहे का, तुम्हीच बघा."

त्यांनी बघितलं नाही. अंगठा फिरवला. पुन्हा एकदा, हळू. अंगठा उतारावर थांबला आणि तिथेच राहिला.

"तुझ्या डोळ्यात काही गेलेलं नाही, बेटा," ते म्हणाले. मग दादूच्या दिशेने तोंड केलं. "दादू, मला धार दिसत नाही. रमजानपासून. हे टूल लोखंडाचं आहे. हिने लावलं असतं तर तुझा बुश गेला असता."

दादूच्या येरझाऱ्या थांबल्या. त्याने आधी अब्बांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मंग आता?" तो म्हणाला.

अब्बांनी डबा माझ्या पुढ्यात सरकवला आणि भिंतीला हात लावत बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसले. तिथे गिऱ्हाइकं बसतात.

मी कोरी कांडी निवडली आणि दगडापाशी गेले. ही जागा मला किती वर्षं हवी होती. आता ती माझी झाली आणि मला नकोशी झाली. मला अब्बा तिथे हवे होते, माझ्यावर ओरडायला. कडा घासल्या. माथा कांडीचा होता तसाच सपाट ठेवला, पाण्यात बुडवून पुन्हा पुन्हा बघितला. टूल बांधलं, लेथ सुरू केली. गनमेटलचा बारीक भुगा उडायला लागला, पिवळा, एकसारखा. टूल कुठेही रुतलं नाही.

बुश चकातून निघाला तसा दादूने तो हातात घेतला, सोबत आणलेला शाफ्टचा तुकडा घालून फिरवला, आणि सवयीने बाहेर बाकड्यापाशी गेला.

"उस्ताद, जमला ना बरोबर?"

"मला काय विचारतोस?" अब्बा म्हणाले. "टूल तिचं आहे. तिला विचार."