टेम्पोचं दावं

"खटारा नाही, टेम्पो म्हणा," असं ऐकवून मगनने दुसराही भंगारवाला घालवला, तेव्हा शोभाबाईने कपाळाला हात लावला.

या माणसाला जगाची भाषा सुधारायची भारी खोड. सुरतेत भाजीच्या हातगाडीला लारी म्हणतात. मगन म्हणणार, आमच्या अमळनेरला लारी म्हणजे ट्रक. मुलगा गजेंद्र आपल्या नव्या चारचाकीला टेम्पो म्हणतो. मगन म्हणणार, टेम्पो तीन चाकांचाच. आणि खटारा म्हणजे बापाची कापूस वाहणारी बैलगाडी, मोडका डबा नव्हे. ऐकून ऐकून शोभाबाईचे कान किटले होते.

इकडे पासिंग संपलेला तीनचाकी टेम्पो सुरतेतल्या लिंबायत भागात, गल्लीत दारातच गंजत होता. जागा नाही म्हणून गजेंद्र नवी गाडी लांब रस्त्यावर लावायचा, तर तिची बॅटरी चोरीला गेली. उद्या गाडीच गेली तर खायचं काय?

आज तिसरा भंगारवाला, किरण, यायचा होता. शोभाबाईने सकाळीच बजावलं, "गजूना बाप, आज तोंड उघडानं नही. तो हत्ती म्हनो का घोडा म्हनो."

"बरं," मगन म्हणाला.

किरण आला. टेम्पोच्या नाकाडावर थाप मारून म्हणाला, "काका, हा खटारा तर ढकलतच न्यावा लागणार."

मगन गप्प. दर पोळ्याला तो याच नाकाडाला गेरू लावून पुरणपोळी ठेवायचा आणि गल्ली हसायची. आता त्याने मागे जाऊन माल बांधायची दोरी सोडली आणि वेटोळं करून हातात धरली.

"दोरी राहू द्या की, ओढायला होईल," किरण म्हणाला.

मगन तरीही बोलेना. उभ्या जन्मात न मिळालेली ही शांतता, पण शोभाबाईला ती सोसेना. बैल विकला तरी दावं घरातच ठेवतात, ही तिच्याही माहेरची रीत.

"ते दावं शे भाऊ, ते देतस नही," ती पुढे होत म्हणाली. "आनि खटारा म्हनू नको. टेम्पो शे तो."

किरण गोंधळला. "बरं काकी, टेम्पो."

किरणच्या दोघा माणसांनी टेम्पो ढकलत गल्लीबाहेर नेला. मगन तिथेच उभा होता. शोभाबाईने त्याच्या हातातली दोरी घेतली आणि दाराआडच्या खुंटीला टांगली.