शेवभाजीची आठवण

अभिमनच्या त्या पत्राला जीवरामनानांनी उत्तर दिलं नव्हतं. त्यांची बायको कोकिळा गेली तेव्हा ते दुखवट्याचं पत्र धुळ्याहून जळगावला आलं होतं. त्यात होतं, ‘वहिनींनी आग्रहाने वाढलेली शेवभाजी अजून आठवते.’

कोकिळाला तिखट सोसत नसे. तिने शेवभाजी केल्याचं नानांना काही आठवेना. पण त्यांचा स्वतःपेक्षा दुसऱ्यावर भरवसा जास्त. आपण पाचोऱ्याला गेलो असू, मागे अभिमन येऊन जेवला असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पुढे पुढे तर पदर खोचून रस्सा वाढणारी कोकिळा त्यांना दिसूही लागली. इतक्या मायेच्या पत्राला आपण काय लिहिणार, म्हणून कागद कोराच राहिला.

वर्ष सरलं. समाज मंडळाचा संगणक अडला, तेव्हा चिटणीस अभिमनने त्यांना धुळ्याला बोलावलं. सभासदांचा डेटाबेस नानांनीच बांधून दिला होता. नाव निवडलं की पत्ता, मजकूर जागच्या जागी बसून पत्र छापून निघे, दुखवट्याचंसुद्धा. ते कोरडं वाटू नये म्हणून त्यांनी ‘आठवण’ असा एक रकाना ठेवला होता. ज्या घराची जी आठवण, ती चिटणीसाने तिथे लिहायची. आपल्या नावापुढची ओळ अभिमनने आठवून लिहिली, याच विश्वासावर नानांनी वर्ष काढलं होतं.

रकाना उघडला, तर वरपासून खालपर्यंत तीच शेवभाजी. एरंडोलची, वरणगावची, सगळ्या घरांची. लग्नच न केलेल्या एका मास्तरांच्या नावापुढेही वहिनींचा आग्रह होता.

“अभिमन, हे काय रे?”

“अहो नाना, तुम्हीच तर शिकवलं! एकदा लिहायचं, सगळीकडे भरायचं. एकेकाचं आठवत कोण बसतं?” अभिमन हसला. “शेवभाजी कोणाकडे होत नाही? बठ्ठास्ना घर तेच शे!”

“माझ्याकडे होत नव्हती.”

“काय म्हणालात?”

“काही नाही. बिघाड सापडला.”

बसस्थानकाकडे जाताना त्यांनी डोळे मिटून पाहिलं. पदर खोचलेली ती कोकिळा आता दिसेना. अभिमनने दिली होती, त्यानेच नेली. नाना टपाल कचेरीत शिरले आणि उभ्या उभ्या त्यांनी कार्ड लिहिलं.

‘अभिमन, कोकिळाने तुला शेवभाजी कधीच वाढली नाही. तू यायचास तेव्हा ती दुधातल्या दशम्या करायची. वाटेत खायला म्हणून तू त्या बांधूनही न्यायचास. तुला हे आठवेल असं मला वाटलं होतं. जीवराम.’

पुन्हा वाचलं तर हात अडेल, म्हणून न वाचताच त्यांनी कार्ड पेटीत टाकलं.