पट्टेवाले महाराज आणि सहा इंच

पोस्टमास्तर उठले तेव्हा सभागृहातल्या तीनशे माणसांनी एकदम श्वास ओढला. गेली चार वर्षं निवृत्त पोस्टमास्तरांचं खुर्चीतून उठणं म्हणजे एक हात बायकोच्या खांद्यावर, दुसरा टेबलावर आणि तोंडानं सरकारचा उद्धार, असा साग्रसंगीत कार्यक्रम असे. आणि आज हात छातीवर बांधून गडी सरळ उभा! लोकांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. त्यांच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला.

मंचावर दोन आसनं होती. डावीकडे मऊ, गुबगुबीत कोच. उजवीकडे पिवळ्या कापडानं जमिनीपर्यंत झाकलेलं 'बलासन'. दोन्हींच्या मधोमध महाराज. ते स्वतःला बलगुरू म्हणवून घेत. पण चार बोटं रुंद, आत तांब्याच्या चकत्या शिवलेला पट्टा ते विकत, म्हणून मी त्यांचं नाव पट्टेवाले महाराज ठेवलं होतं. जन्मभर कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला पट्टेवाला म्हटलं की साहेबाच्या दाराशी स्टुलावर पेंगणारा शिपाईच आठवतो. माझा नाइलाज आहे.

"स्नायू म्हणजे काय?" महाराज गरजले. "मांस! मांस तर खाटकाकडेही टांगलेलं असतं. मग खाटकाकडचा बोकड उठून चालायला लागतो का? नाही! का नाही? कारण त्याच्या कमरेला पट्टा नाही!"

"त्याला मुंडकंही नसतं," मी म्हणालो.

शेजारी बसलेल्या अक्कानं मला कोपर मारलं. "गप रे बाळ्या. शिकलेला मूर्ख!"

अक्का माझी थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षं तिनं शिलाई मशीन चालवलं, त्यावर मुलगी शिकवली, परदेशी धाडली. दोन खोल्यांत एकटी राहते आणि कुणाच्या बापाला भीत नाही. पण वर्षभरात तिच्या मांड्यांतलं बळ ओसरलं होतं. खुर्चीतून उठायला दोन-तीन झोके घ्यावे लागत. मुलीनं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "आई, तुला स्वतःचं स्वतः उठता येत नसेल तर वृद्धाश्रमात नाव घालते. मला इथे रात्रंदिवस घोर लागतो." अक्का त्या दिवशी जेवली नव्हती.

म्हणूनच महाराजांनी "अजून कोण?" विचारताच तिनं काठी वर केली.

तिला आधी कोचावर बसवलं. "आई, पाठ टेकवा. पाय सैल सोडा, पुढे पसरा. हात छातीवर. नजर वर, छताकडे. आता उठा!" अक्कानं जोर केला. मानेच्या शिरा फुगल्या. इंचभरही हलली नाही. सभागृह हळहळलं.

मग महाराजांच्या दोघा सेवकांनी तिला धरून उठवलं, कमरेला पट्टा आवळला आणि बलासनावर बसवलं. "आता पाय जवळ घ्या. माझ्या चरणांकडे बघा. वाका, अजून वाका, शरण या... उठा!"

आणि अक्का उठली. खरंच उठली. तिथेच उभी राहून लहान मुलीसारखी रडली. मलाही गलबलून आलं, हे कबूल करतो. बुद्धी शाबूत असली तरी बहीण ती बहीणच.

घरी येताच तिनं काठी माळ्यावर टाकली. मग दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला व्यायामाचा कागद फाडला. या बाई म्हाताऱ्या माणसांकडून खुर्चीतून ऊठबस करून घेत, ओट्याला धरून टाचा उचलायला लावत. अक्का महिनाभरात सलग चार वेळा उठण्यावरून नऊ वेळांवर आली होती.

"अगं, नऊवर आलीस ना? मग सोडतेस कशाला?"

"महाराज म्हणाले, व्यायामानं पट्ट्याची शक्ती जळते."

"सोयीची शक्ती आहे. वापरली की संपते!"

"तू तुझं बघ," अक्का म्हणाली. जमिनीवर बसलेला मी कपाट धरून उठतो हे तिला ठाऊक होतं.

तीन आठवड्यांनी एका दुपारी दोन वाजता मी माझ्याजवळच्या किल्लीनं तिचं दार उघडलं. खोलीत कुणी नाही. न्हाणीघराचं दार लोटलेलं.

"अक्का, काय करतेस?"

"बसलेय."

"केव्हापासून?"

बारीक आवाज आला, "अकरापासून."

पाय धुवायला बुटक्या स्टुलावर बसली होती, ती उठूच शकली नव्हती. कमरेला पट्टा करकचून बांधलेला. ओठ थंडीनं निळसर. मी "हात दे" म्हणत ओढायला गेलो आणि माझाच पाय सटकला. आता ओल्या फरशीवर भाऊ-बहीण शेजारी शेजारी, बेरीज एकशे बेचाळीस वर्षं, आणि दोघांत मिळून उठण्याची ताकद शून्य. आधी आम्ही हसलो. हसता हसता अक्का रडायला लागली. "पोरीला सांगू नकोस रे." शेवटी माझ्या हाका ऐकून खालचा बेकरीवाला धावत वर आला आणि त्यानं मैद्याच्या पोत्यांसारखं आम्हाला एकेक करून उचललं.

महाराजांच्या कार्यवाहांना फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, "पट्ट्यात दोष नाही. श्रद्धेला भोक पडलंय. दुहेरी पट्टा घ्या." आणि अक्का टेलरकाम करते हे कळताच पुढे म्हणाले, "आसनांची कापडं मळलीत. सेवा म्हणून नवी शिवून द्या, म्हणजे भोक बुजेल."

गंमत म्हणजे अक्का तयार झाली! बुधवारी आम्ही रिकाम्या सभागृहात गेलो. कार्यवाह कुलूप उघडून चहाला गेले. टेप मी धरली, वाचायलाही मीच. बलासनावरचं कापड काढलं. खाली साधी लाकडी खुर्ची, पण चारही पायांना ठोकळे ठोकलेले.

"जमिनीपासून बैठक?"

"एकवीस इंच."

कोचाची धरली. पंधरा. अक्कानं बैठकीवर मूठ दाबली, तशी ती आणखी दोन इंच आत गेली.

"बाळ्या, पुन्हा वाच."

"एकवीस आणि पंधरा. सहा इंचांचा फरक. माणूस बसल्यावर आठ."

पट्टा सोडून अक्कानं खिडकीत ठेवला आणि बलासनावर बसली. पाय मागे घेतले, पुढे वाकली, उठली. विनापट्टा. मग पुन्हा तिथेच बसली, पण पाठ टेकून, पाय पसरून, छताकडे बघत. जोर करकरून थकली, उठता येईना.

"तू बस," ती म्हणाली. मी कोचावर तसाच बसलो. मलाही जमेना.

"चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली," अक्का दात ओठ खात म्हणाली, "आणि या मेल्यानं माझंच माप काढलं! बाप-लेकाच्या पायजम्यातला फरक मी लांबून ओळखते. आणि सहा इंच दिसले नाहीत मला."

"कापडानं झाकले होते."

"कापडानं नाही रे. मला उठायचं होतं ना, म्हणून दिसले नाहीत."

रविवारी सभागृह खच्चून भरलं होतं. अक्का नवी कापडं घेऊन मंचावर गेली. महाराजांनी ध्वनिक्षेपकावर तिच्या सेवेचं कौतुक केलं.

"महाराज, कापड बसतंय का बघायचंय," अक्का म्हणाली. "आधी कोचावर टेका ना जरा."

तीनशे माणसांसमोर नाही कसं म्हणणार? महाराज बसले. देह मोठा, कोच मऊ. ते बरेच आत गेले.

"पाठ टेकवा. पाय सैल, पुढे पसरा. हात छातीवर. आता छताकडे बघा." अक्कानं ध्वनिक्षेपक हातात घेतला. "पट्टा आहेच कमरेला. उठा!"

महाराज हसले. मग हसू मावळलं. पाय झाडले, पोट हललं, कोच कुरकुरला. बलगुरू जागच्या जागी. शेवटी त्यांनी हळूच हात टेकायला काढला.

"हात नाही!" मागून कुणीतरी ओरडलं. "हात छातीवर!" मग सगळं सभागृहच तालात ओरडायला लागलं. महाराज घामाघूम झाले आणि लोक पोट धरून हसू लागले.

अक्कानं बलासनाचं कापड ओढून काढलं, ठोकळे दाखवले, टेप लावून पोस्टमास्तरांना आकडे मोठ्यानं वाचायला लावले. "उंच खुर्चीतून पाय मागे घेऊन पुढे वाकलं की वजन पायांवर येतं आणि माणूस उठतो. बुटक्या कोचात पाय पसरून रेलला की पैलवानही उठत नाही. यात पट्ट्याचं काय काम?"

"पण मला घरीसुद्धा फरक पडलाय," पोस्टमास्तर चिवटपणे म्हणाले.

"घरी तुम्हाला कोण उठवतं?"

"बायको," ते म्हणाले, आणि मग स्वतःच खाली बघू लागले.

गडबडीत महाराज हात टेकून उठले आणि मागच्या दारानं पसार झाले. पट्टे मात्र मागेच राहिले. काही लोकांनी ते तरीही बांधले. त्या लोकांचं काय करावं हे मला अजून कळलेलं नाही.

अक्का दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेली, काठी घेऊन. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "नऊवरून पाचवर आलात. वय झालं की स्नायू वापरले नाहीत तर भराभर झिजतात. वापरले तर ऐंशीतही जोर धरतात. पण हळूहळू. जादू नाही ना, म्हणून रोज करावं लागतं." अक्कानं मुलीला फोन करून न्हाणीघरातली गोष्ट स्वतःच सांगितली आणि चार महिन्यांची मुदत मागून घेतली. तिसऱ्याच महिन्यात ती सलग बारा वेळा उठली. वृद्धाश्रमाचा विषय मुलीनं पुन्हा काढला नाही.

डॉक्टरीणबाईंच्या व्यायामवर्गात आता आम्ही अकरा म्हातारे असतो. पहिल्या दिवशी मी सात वेळा उठलो आणि आठव्याला कोसळलो. बेकरीवाल्याची आठवण झाली.

तेव्हा वाचकहो, हे वाचन जरा बाजूला ठेवा. भिंतीला टेकवलेल्या साध्या, पक्क्या खुर्चीवर बसा, जवळ कुणी असू द्या, हात छातीवर घ्या आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता ते मोजा. आकडा कमी आला तर लाजू नका, घाबरू नका. शिकलेल्या माणसाकडे जा आणि तो सांगेल ते रोज करा. आणि कुणी तुम्हाला चमत्कारानं उठवू लागला, तर उठण्याआधी खुर्चीची उंची विचारा.