टाकलं म्हणजे काय

तुम्ही एका आईचं चार महिन्यांचं मूल तिच्या तीन वाक्यांवरून उचलून नेलंत. तीनपैकी एकही वाक्य तुम्हाला समजलं नव्हतं, आणि आपल्याला समजलेलं नाही एवढंही तुम्हाला कळलं नाही. तुमच्या बालकल्याण खात्याच्या फाइलीत माझं नाव शरयू असं आहे, पुढे कंसात 'बहीण'. तेही चूक आहे. आता सगळं मीच लिहिते.

अबोली आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. अमेरिकेत, शिकागोजवळच्या या नेपरव्हिलला येऊन तिला वर्ष झालं होतं. बारामतीची मुलगी, मराठी शाळेतली, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, म्हणजे नोकरीला बंदी. नवरा प्रथमेश सोमवारी क्लायंटकडे मिनियापोलिसला जायचा, तो गुरुवारी उगवायचा. बाळंतपणाला तिची आई येणार होती, पण आईचा व्हिसा दोनदा नाकारला गेला. म्हणून बाळाला, ऋषीला, अंघोळ कशी घालायची हे तिला मी शिकवलं.

हे नीट वाचा. मी शिकवलं. बाथरूममध्ये खाली बसायचं, पाय लांब करायचे, दोन नडग्यांच्या खोबणीत बाळाला पालथं निजवायचं, तेल जिरवायचं आणि कोपर बुडवून बघितलेलं गरम पाणी तांब्यानं पाठीवर ओतायचं. मग पुसून, गुंडाळून, ओव्याची जराशी धुरी. मला हे माझ्या आईनं शिकवलं होतं, माझ्या मुलीसाठी. माझी मुलगी एकोणीस दिवस जगली. तिच्या हृदयात दोष होता. आई नागपूरला परत गेली, आणि तीन महिन्यांनी अबोली बाळंत झाली.

चौथ्या महिन्यातल्या लशीच्या वेळी नर्सला ऋषीच्या कमरेखाली निळा डाग दिसला. आपल्याकडे कितीतरी पोरांना असतो तो, जन्मापासून, दोन-चार वर्षांत आपोआप जातो. नर्सनं विचारलं, अंघोळ कशी घालता? अबोलीला आनंद झाला. कुणीतरी तिला येतं ते विचारलं होतं. तिनं मनातल्या मराठीचं एकेका शब्दाचं इंग्रजी केलं.

"आय थ्रो हिम ऑन माय लेग्ज. देन आय थ्रो हॉट वॉटर. देन आय गिव्ह हिम स्मोक."

मराठीत आम्ही सगळंच टाकतो. चहात साखर टाकतो, पोराचं नाव शाळेत टाकतो, अंगावर पांघरूण टाकतो. कुणाला लागत नाही. इंग्रजीत टाकलेलं आदळतं, हे तिला कोण सांगणार?

नर्सनं डाग म्हणजे मार समजून तुम्हाला कळवलं; संध्याकाळी तुमची बाई आली, सोबत पोलीस. प्रथमेश तिकडे, विमान मिळेना. तुमच्या बाईनं विचारलं, जवळचं कुणी आहे का? अबोलीनं छताकडे बोट केलं आणि म्हणाली, माय सिस्टर. ती मला ताई म्हणायची, ताईला दुसरं इंग्रजी नाही. तुमच्या बाईनं मला विचारलं, तुम्ही बहीण का? मी हो म्हटलं. हे पहिलं खोटं. याची मला लाज नाही.

जवळची नातेवाईक म्हणून ऋषी आमच्याकडे आला. माझा नवरा गुरुनाथ आमची बंद ठेवलेली खोली उघडून पाळणा झाडू लागला. अबोलीला त्याला भेटायला रोज एक तास, तोही तुमच्या ऑफिसात, काचेपलीकडे माणूस बसवून. प्रथमेश परत आला तरी तोच नियम. आणि मूल राहणार तिच्या डोक्यावर, छताच्या वर. तो रडायला लागला की खाली बाथरूमचा नळ सुटायचा. ती नळ सोडून रडायची. आम्हाला वर सगळं ऐकू यायचं. असली व्यवस्था कुठल्या शहाण्याला सुचली, ते मला अजून कळलेलं नाही.

पाचव्या दिवशी तुमची बाई माझ्या सोफ्यावर बसली. तिनं सरळ विचारलं: आईला अंघोळ घालताना तुम्ही पाहिलं आहे का? तुमच्या लोकांत असं घालतात का? ऋषी माझ्या खांद्यावर झोपला होता, त्याची लाळ माझ्या मानेवर होती.

मी म्हटलं, "आय डोन्ट नो."

हे दुसरं खोटं. तुमच्या बाईनं ते लिहून घेतलं, आणि मूल इथे किती शांत आहे म्हणाली. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, दुसऱ्यांच्या चुका शोधणं हे माझं काम. एका चुकीवर सगळा प्रोग्रॅम कसा चालू राहतो ते मला माहीत होतं. मी ती चूक राहू दिली.

गुरुनाथ स्वयंपाकघरात बाटल्या धूत होता. बाई गेल्यावर तो हात पुसत बाहेर आला. मला वाटलं ओरडेल. तो ओरडला नाही.

"शरयू, आपली गेली. याची आई खाली आहे."

मी म्हटलं, तुला काय, तू तर सकाळपासून त्याला उचललंही नाहीस.

"मलाही हवाय तो. म्हणूनच नाही उचललं."

यावर मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्या दोन दिवसांत माझ्या मनात काय होतं तेही लिहिते, कारण ते कुणी लिहीत नाही. मनात होतं, अबोली चोवीस वर्षांची आहे, तिला आणखी होतील. मनात होतं, तिला इंग्रजी येत नाही हा काही माझा गुन्हा नाही. एका आईबद्दल दुसरी आई हे बोलत होती. हे मनात ठेवूनच मी त्याला दूध पाजलं, लंगोट बदलले आणि झोपही लागली.

सातव्या दिवशी तुमच्या बाईनं दिलेल्या कागदाबरहुकूम ऋषीला प्लास्टिकच्या टबात बसवलं. तो निळा पडेपर्यंत रडला. खाली नळ सुटला. मग मी टब बाजूला सारला, फरशीवर बसले, पाय लांब केले आणि त्याला पालथं घेतलं. पहिला तांब्या पाठीवर पडला आणि तो गप्प झाला. मग मान उचलून वळवू लागला, इकडे, तिकडे, माझ्या तोंडाकडे, आणि पुन्हा दाराकडे. अंघोळ बरोबर होती. घालणारी बाई चुकीची होती.

त्याला तसाच टॉवेलात गुंडाळून मी तुमच्या बाईला फोन केला. म्हटलं, या, अंघोळ कशी घालतात ते बघा.

दुसऱ्या दिवशी ती आली. तिला मी बाथरूमच्या दारात खुर्ची दिली आणि पाण्यात कोपर बुडवायला लावलं. माझ्या अंघोळीचं पाणी याहून गरम असतं, म्हणाली. धुरी दाखवायला गेले तर आगीचा अलार्म वाजला. गुरुनाथ स्टुलावर चढून त्याला वर्तमानपत्रानं वारा घालत होता, ऋषी हसत होता, आणि त्या गोंधळातच मी सांगितलं की मी खोटं बोलले. मी बहीण नाही. ही अंघोळ मीच शिकवली.

"व्हाय?" तिनं विचारलं.

"कारण माझी मेली."

तिनं पेन खाली ठेवलं. माणूस म्हणून बाई वाईट नव्हती. जन्माचे कागद तिनंच मागवले. तो निळा डाग तिसऱ्या पानावर लिहिलेला होता, पहिल्या दिवसापासून. अकराव्या दिवशी ऋषी खाली गेला.

अबोलीला मी जिन्यात सगळं सांगितलं. 

"ताई, तुम्हाला मारावंसं वाटतंय."

मार, म्हटलं.

"आत्ता नको. आत्ताच झोपलाय तो."

तीन आठवडे ती आमचं दार चुकवून गेली. चौथ्या आठवड्यात तिनं बेल वाजवली. म्हणाली, माझी पाठ भरून आलीय, अंघोळीला या. मी गेले. ती दारातच उभी राहिली, सगळा वेळ माझ्या हातांवर नजर ठेवून. पुढच्या आठवड्यात बसली. त्याच्या पुढच्या आठवड्यात चहा ठेवायला गेली.

याला आता दोन वर्षं झाली. मागच्या वर्षी आमचं ग्रीन कार्ड आलं आणि गुरुनाथनं तुमच्याच ऑफिसातून मूल सांभाळायला घेण्याचा अर्ज आणला: ज्या मुलांना खरोखरच घर नाही, त्यांच्यासाठी. दहा आठवडे आम्ही तुमच्या वर्गात बसलो. तुमच्या माणसांनी आमच्या घराच्या खिडक्या मोजल्या. शिफारसपत्र अबोलीनं लिहिलं, इंग्रजीत, कुणाला न विचारता. त्यात दोनच ओळी आहेत: ही बाई माझ्या मुलाबद्दल खोटं बोलली आणि मग स्वतःहून खरं बोलली. हिला मूल द्या.

परवा तुमचं पत्र आलं. अर्ज थांबवला आहे, कारण अर्जदार स्त्रीनं २००६ साली जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याची नोंद आहे. ती नोंद माझ्याच तोंडून आलेली आहे. मी गप्प बसले असते तर माझी फाइल स्वच्छ असती, आणि कदाचित अबोलीचं मूल माझ्या घरात असतं. सातव्या दिवशी तो फोन कुणी केला, याची मात्र तुमच्याकडे नोंद नाही.

पाळण्याला गुरुनाथनं नवा पिवळा रंग दिला आहे. आम्ही थकलेलो नाही, थकणारही नाही. तुम्हाला खोटं बोललेली आई चालत नाही, की कबूल केलेली? लेखी कळवा, आणि खाली सही करणाऱ्याचं नाव घाला.