गुलाबसिंगच्या जागी

भिलाईच्या पोलाद कारखान्यात कामाला असलेला माझा थोरला भाऊ गुलाबसिंग तिथेच कावीळ होऊन वारला, आणि त्याचे दिवस झाल्यावर पाचव्या सकाळी त्याच्या बायकोने मला एक अर्ज लिहून द्यायला सांगितले. तिचे नाव हिरीबाई. मी तिला भोजाई म्हणत असे. आम्हा बंजाऱ्यांत थोरल्या भावाच्या बायकोला तसेच म्हणतात.

चौऱ्याहत्तर सालचा चैत्र होता. ऊसतोडीला गेलेला आमचा तांडा नुकताच परतला होता. मानोऱ्यापासून दोन कोसांवर, सागाच्या उघड्या टेकडीखाली, बंद झोपड्यांची दारे एकेक करून उघडत होती. मी तेव्हा एकवीस वर्षांचा, मानोऱ्याच्या शाळेतून मॅट्रिक झालेला आणि अख्ख्या तांड्याची पत्रे लिहिणारा. इतरांचे बोलणे कागदावर उतरवता उतरवता माझे स्वतःचे बोलणे कुठेतरी मागे राहून गेले होते. चारचौघांत माझा आवाज फुटत नसे. एकट्यात मात्र मी स्वतःशी पुष्कळ बोलत असे, आणि त्यालाच मी शहाणपण समजत होतो.

आम्ही मोहाची फुले वेचत होतो. भोजाई दूरच्या झाडाखाली होती, ती वेचत वेचत माझ्यापाशी आली.

"हेमू, तुले इंग्रजी अर्ज लिवता येते ना?"

"येते थोडा."

"मंग माझ्या नावानं लिव. मानूस मेला का कारखाना घरच्या एकाले कामावर घेते. साहेबानं मले सोता सांगतलं, बाईले बी घेतात म्हने. मी झाडू मारीन, कॅन्टीनमदी भांडे घाशीन. काई बी करीन."

"अठी नाई राह्यत?"

तिने ओंजळीतली फुले टोपलीत टाकली. तिचे उत्तर तयार होते. बहुधा भिलाईहून तांड्याकडे यायला रेल्वेत बसल्यापासून ते तयार असावे.

"अठी मी रांडमुंड बाई. सकाळी कोनासमोर आली तं लोक थांबून राह्यतात, मी जाऊस्तोवर. तठी मले शेजारची बंगालीन हिरी म्हनून हाक मारते. आन भागी दुसरीत हाय. तिच्या शाळेत बाकडे हायेत. अठी ठेवली तं चार सालात तिच्या हाती कोयता येईन, मंग ते बी चालली ऊस तोडाले."

भागिरथा तिची मुलगी, सात वर्षांची. त्या वेळी ती झाडाच्या बुंध्याला पाठ लावून फुले मोजत होती, आणि मोजता मोजता शंभराच्या पुढे गेली होती. तांड्यातल्या पोरी तिच्याकडे संशयाने पाहत होत्या.

मी अर्ज लिहिला. सुवाच्य अक्षरात, समास सोडून, दिवंगत कामगाराच्या पत्नीला नोकरी मिळावी अशी नम्र विनंती केली. लिहिताना मला ते शहर दिसत होते. पंधराव्या वर्षी गुलाबसिंग मला महिनाभर तिकडे घेऊन गेला होता. आमच्या तांड्यात प्रत्येक वाट कोणाच्या तरी पायाने, कोणाच्या तरी भांडणाने वळलेली आहे. तिथले रस्ते मात्र कोणीतरी आधी कागदावर आखून मग जमिनीवर उतरवले होते. सारख्या उंचीची घरे, प्रत्येक दारावर आकडा, प्रत्येक अंगणात एक पेरूचे झाड. संध्याकाळी भट्टीतली तापलेली धातुमळी ओतली जाई आणि सगळे आकाश जांभूळलाल होई. तिथे कोणी कोणाची जात विचारली नाही, की माझा आवाज का फुटत नाही हेही विचारले नाही. भोंगा वाजला की सायकलींचा एक संथ प्रवाह वाहू लागे, आणि त्यात शिरलेल्या माणसाला काही बोलावे लागत नसे. परत आल्यावर सहा वर्षे मी त्या प्रवाहात माझी एक सायकल मनातल्या मनात चालवत होतो.

अर्ज भोजाईला वाचून दाखवला. तिने तो माझ्याच खिशात ठेवायला सांगितला.

बातमी याडीने, म्हणजे माझ्या आईने, तांड्याच्या नायकाच्या घरी नेली. तिचा हेतू वाईट नव्हता. एक मुलगा गेला; सून आणि नातही जातील, एवढीच तिची भीती. पण हरिसिंग नायकाच्या कानावर गोष्ट गेली की ती घरची राहत नसे, तांड्याची होई. मंगळवारी लिंबाखाली पंचांची बैठक ठरली.

काय ठरणार हे सगळ्यांना ठाऊक होते. आमच्यात थोरला भाऊ गेला की धाकट्याने भावजयीच्या अंगावर ओढणी घालायची, म्हणजे तिला बायको करून घ्यायचे. तिचे घर मोडत नाही, पोरे पोरकी होत नाहीत. चांगल्या मनाने काढलेली रीत होती ती. तिच्यात बैल, भांडी, शेळ्या असे सगळे धाकट्याकडे येई. नायकाने तिच्यात आता पोलादाचा कारखानाही बसवला.

मंगळवारी सकाळी भोजाई पाण्याची घागर घेऊन आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"बैठकीत बाईचं कोनी आयकत नाई," ती म्हणाली. "तू एक डाव बोल. जास्त नाई. म्हन, अर्ज तिच्या नावाचा हाय आन मले ओढनी घालाची नाई. दोनच गोष्टी. तुले लग्न नको म्हनल्यावर नायक तरी काय करन? तू मॅट्रिक हायेस, तुह्या बोलन्याले ते भितात."

"मी बोलीन," मी म्हणालो.

"पाह्य बरं. तू लाजतं."

"बोलीन भोजाई."

लिंबाखाली पंचवीस-तीस पुरुष बसले होते. बाया झोपड्यांच्या आडोशाला. भोजाई कुडाच्या भिंतीपाशी होती; मला तिचे फक्त पाय दिसत होते. नायक हरिसिंग म्हातारा होता, बोलताना डोळे मिटून घेई.

"नोकरी गुलाबसिंगची," तो म्हणाला. "गुलाबसिंग या घरचा. म्हनजे नोकरी या घरची. बाई बी या घरची. हेमसिंग धाकला हाय, त्यानं ओढनी घालावी, नोकरीवर जावं, बाईले संगं न्यावं. पोरगी आजीपाशी राह्यन. म्हातारीले नात तरी पाह्यजे का नाई डोयापुढं?"

"बराबर हाय," दोघेतिघे म्हणाले.

"पन म्या आयकलं का बाईनं अर्ज लिवून घेतला. हेमसिंग, कोनाच्या नावानं लिवला तू?"

अर्ज माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. त्याची घडी मला छातीशी टोचत होती.

आमच्या बैठकीत नायक तीनदा विचारतो. तिन्ही वेळा माणूस गप्प राहिला, तर नायक जे म्हणेल ते त्याला कबूल आहे असे धरतात. ज्यांना बोलता येते त्यांच्यासाठी ही रीत सोपी आहे.

"हेमसिंग, इचारून राह्यलो ना बाबा. काई सांगाचं हाय तुले?"

मी मान वर केली. माझ्या समोर बाबूसिंग बसला होता, माझ्या बापाचा मित्र, तांड्यातला सगळ्यांत हसरा माणूस. त्याने मांडीवर थाप मारली.

"नायक, कायले सतावता पोट्ट्याले? नवरदेव हाय तो. लाजून राह्यला."

सगळे हसले. आडोशाच्या बायाही हसल्या. हसू थांबल्यावर जी शांतता झाली, ती माझ्यासाठीच रिकामी ठेवलेली होती.

"तिसऱ्या खेपेला इचारतो," नायक म्हणाला.

शब्द सापडले नाहीत, असे मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिलो. लाजाळू माणसाला ही सबब फार सोयीची असते. ते खरे नाही. दोन्ही वाक्ये माझ्या जिभेवर अगदी जुळवून ठेवलेली होती. पण त्याच क्षणी मला ते सरळ रस्ते दिसले आणि सायकलींच्या त्या प्रवाहात माझी जागा दिसली. मी तोंड उघडले नाही, एवढेच. त्यासाठी मला काहीही करावे लागले नाही.

"ठरलं," नायक म्हणाला.

कुडापाशी दिसणारे पाय थोडा वेळ तिथेच होते. मग ते आत गेले.

आठ दिवसांनी मी तिच्या अंगावर ओढणी घातली. लाल ओढणी मानोऱ्याच्या बाजारातून याडीनेच आणली होती. बायांनी गाणी म्हटली. भोजाई रडली नाही; मला काही बोललीही नाही. माझी तयारी शिव्या ऐकण्याची होती. शिव्या मिळाल्या असत्या तर त्यांच्या आधाराने मी पुढची काही वर्षे काढली असती.

दुसरा अर्ज मी माझ्या नावाने लिहिला. पहिल्यापेक्षा तो लवकर झाला.

निघायच्या दिवशी भागीला कोणी सांगितले नव्हते. ती फ्रॉक घालून, पाटी घेऊन वाटेवर आली, आणि याडीने तिला कमरेला धरून मागे ओढले. आम्ही मानोऱ्याला बस धरली, मूर्तिजापूरला रेल्वे. भोजाई खिडकीपाशी बसून होती. नागपूर गेले, गोंदिया गेले. मी दोनदा चहा आणला. दोन्ही वेळा तिने तो घेतला.

भिलाईच्या कार्यालयातले अधिकारी मद्रासकडचे, वयस्क आणि सभ्य गृहस्थ होते. त्यांनी कागद चाळले, मग चष्मा काढून थेट तिच्याकडे पाहिले.

"बाई, पहला हक़ आपका है," ते म्हणाले. "आप खुद काम करना चाहें तो मैं आपका नाम लिखूँगा. इनका नहीं."

तिने टेबलाची कड धरली.

"डरिये मत. सोच लीजिये."

तिने माझ्याकडे पाहिले. नुसते पाहिले नाही, वाट पाहिली. तिथे ना नायक होता, ना बाबूसिंग, ना तांडा. हसायला कोणी नव्हते. छताचा पंखा फिरत होता आणि त्याच्या वाऱ्याने टेबलावरचे कागद काचेच्या गोळ्याखाली फडफडत होते. मी त्या गोळ्याकडे पाहत राहिलो. त्याच्या आत एक निळा बुडबुडा अडकलेला होता.

"इसकोच दे दो साब," ती म्हणाली.

कारकुनाने ना हरकतीचा कागद पुढे केला आणि पेन दिले. तिला सही येत होती. भिलाईत त्यांच्या सेक्टरातल्या, म्हणजे वसाहतीतल्या, बायांच्या वर्गात ती शिकली होती. गुलाबसिंगने मोठ्या अभिमानाने ती सही मला पत्रातून पाठवली होती. तिने पेन खाली ठेवले, शाईची डबी मागितली आणि डाव्या हाताचा अंगठा उठवला.

क्वार्टर तेच राहिले. दारावरचा आकडा तोच, अंगणातला पेरू तोच. पहिल्या दिवशी कारखान्याच्या फाटकाची वाट मला ठाऊक नव्हती, म्हणून तीच पुढे चालत आली. कोणत्या चौकात वळायचे, सायकल कुठे लावायची, हे तिने हाताने दाखवले. ती रस्त्याच्या कडेने चालत होती आणि तिने ओढणी हनुवटीपर्यंत ओढली होती. वाटेत तिची बंगाली शेजारीण भेटली. "हिरी?" असे म्हणून ती थांबली, आणि ओढणीखाली पाहायला थोडी वाकली. हिरीबाई न थांबता पुढे गेली.

मी आता त्या प्रवाहात होतो. भोंगा वाजला की निघत असे, भोंगा वाजला की परतत असे. कोणालाही काही बोलावे लागत नव्हते. मला हवे होते ते सगळे मिळाले होते, आणि त्या सगळ्याला गुलाबसिंगच्या कपड्यांचा वास होता.

जूनच्या शेवटी एके दिवशी पहिली पाळी करून दुपारी घरी आलो, तर दारात एक बाई उभ्या होत्या. हातात छत्री आणि हजेरीची वही. भागीच्या शाळेतल्या होत्या त्या.

"आप भागिरथा के पिताजी के भाई?" त्यांनी विचारले.

मी मान हलवली.

"शाला खुले दो हफ़्ते हो गये. लड़की होशियार है, इसलिए मैं खुद चली आई. तीसरी में उसका नाम है. कब आयेगी?"

हिरीबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. त्या दिवशी तिने ओढणी मागे सारलेली होती. दोन महिन्यांत प्रथमच मला तिचा चेहरा पुरता दिसत होता. ती माझ्याकडे पाहत होती. आता मी घरधनी होतो. एक पत्र याडीला, चार ओळींचे. पुढच्या आठवड्यात जाऊन घेऊन येतो, असे एक वाक्य या बाईंना. नायकाला राग आला असता. बाबूसिंग हसला असता. पंचांचे मोडून पोरगी न्यायची तर नोकरी तरी कोणाची, असा प्रश्न पुन्हा लिंबाखाली निघाला असता, आणि या खेपेला मला उत्तर द्यावे लागले असते.

"गाँव में है," मी म्हणालो. "दादी के पास."

"आयेगी ना?"

मी सायकलीच्या साखळीकडे पाहिले.

बाईंनी वही भिंतीला टेकवून पेनाने एक रेघ ओढली, नमस्कार केला आणि त्या आखीव रस्त्याने निघून गेल्या. वळणापर्यंत त्यांची छत्री दिसत होती.

हिरीबाईने ओढणी पुढे घेतली. आत जाऊन तिने ताट मांडले, पाण्याचा तांब्या भरून ठेवला. इतक्या वर्षांत तिने मला कधी अरेतुरेशिवाय हाक मारली नव्हती.

"तुमी जेवून घ्या," ती म्हणाली. "भाकर थंडी होऊन राह्यली."