मेइयुनच्या पंगतीला

२००५ सालच्या मे महिन्यात शुगर लँडला असं ऊन पडलं होतं, की पार्किंग लॉटमधले कावळे एक पाय टेकवून दुसरा हवेत गार करत होते आणि टेनिसचा चेंडू एकदा वर गेला की खाली यायला कुरकुर करत होता. अशा उन्हात थाव मेइयुन, वय वर्षं सतरा, अमेरिकेतली आपली पहिली स्पर्धा खेळायला आली.

विमानतळावरच तिच्या कोच ग्वानबाईंनी सांगून टाकलं होतं, "क्वार्टर फायनल गाठलीस तर पुढच्या गावी माझ्याबरोबर येशील. नाहीतर रविवारच्या विमानाने परत. मग तिकडे बारक्या पोरींना चेंडू फेकत बस, दात पडेपर्यंत." ग्वानबाई कधी आवाज चढवत नसत. हवामान सांगावं तसं सांगत.

असल्या छोट्या स्पर्धांत खेळाडूला हॉटेल कुठलं. गावातलं एखादं हौशी कुटुंब तिला हरेपर्यंत घरी ठेवून घेतं. मेइयुन डॉक्टर हेमचंद्र आणि कांचनकाकूंच्या घरी उतरली. डॉक्टर हृदयाचे. त्यांच्या धाकाने निम्म्या शुगर लँडने तूप सोडलं होतं. त्यांची मुलगी अनया याच स्पर्धेत गावची पोर म्हणून वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर, खेळत होती. पोर मोठी गोड. आल्या दिवशी तिने मेइयुनला मायक्रोवेव्ह शिकवला, स्वतःची पांढरी टोपी तिच्या डोक्यावर घातली आणि म्हणाली, "कीप इट, यार." दोघी पहिली फेरी जिंकल्या आणि दुसरीत समोरासमोर आल्या. जिंकेल ती क्वार्टर फायनलला.

मॅच दुपारी. सकाळीच डॉक्टर स्वयंपाकघरात शिरले.

"आज श्रीखंड-पुरी कर. मसालेभात. वर तूप."

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" कांचनकाकू म्हणाल्या. "मॅचच्या दिवशी?"

"अगं, लेटेस्ट रिसर्च आहे. उन्हात खेळणाऱ्याला फॅट लागतं. त्या चिनी पोरीला पोटभर वाढ. आपली पाहुणी आहे."

काकू भाबड्या. त्यांनी चक्का फेटला, पुऱ्या तळल्या आणि मेइयुनपुढे असं ताट आणून ठेवलं, की एखादा पैलवानही आधी घरच्यांचा निरोप घेऊन मगच जेवायला बसला असता. डॉक्टर समोर बसून हसत होते.

मेइयुनने ते हसू ओळखलं. तिच्या क्रीडाशाळेत पाहुण्या संघातल्या कुस्तीच्या पोरींना वजन करायच्या आदल्या दिवशी डंपलिंग खाऊ घालणारा एक मास्तर होता, तो असाच हसायचा. शिवाय त्या शाळेत ताटात शीत राहिलं तर मैदानाला फेऱ्या, तेही भरल्या पोटाने. तिचं पोट तिथेच तयार झालं होतं. त्यात खिळे टाकले असते तरी तासाभरात त्यांची तार झाली असती. तिने पुरी उचलली.

"थांब गं," काकू म्हणाल्या. "पाहुणीला एकटीला जेवायला बसवायचं? आपल्या घरात नाही चालायचं. अनया, बस तिच्या पंगतीला."

"आई, आय कान्ट. मॅच आहे."

"मग तिची नाही का? ती बघ कशी जेवतेय. तू नुसती बघत बसलीस तर तिला संकोच वाटेल."

"अनयाला नको," डॉक्टर घाईने म्हणाले. "तिला हलकं काहीतरी दे."

"का? उन्हात फॅट लागतं ना? सकाळी कोण सांगत होतं?"

अनयाच्या ताटात श्रीखंड पडलं.

मेइयुनला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण डोळे चेंडूवर ठेवायची सवय होती. तिने पाहिलं: आपल्याला पुरी वाढली की अनयालाही वाढतात. आपण वाटी पुढे केली की अनयाचीही भरते. मग तिने वाटी पुढे केली. चाटूनपुसून पुन्हा पुढे केली. काकूंना भरून आलं. "गुणाची पोर," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही ताटांत भात वाढून वर तुपाची धार धरली. अनयाने केविलवाणी होऊन मेइयुनकडे पाहिलं. बास म्हण ना, असं ते पाहणं होतं.

"मोअर, प्लीज," मेइयुन म्हणाली.

कोर्टवर ती अनयाची टोपी घालूनच उतरली. ग्वानबाई कुंपणाच्या जाळीबाहेर उभ्या होत्या. मॅच चालू असताना कोचला बोलायची मनाई असते. त्या नुसत्या बघत होत्या. मेइयुनने जोराचा फटका मारलाच नाही. नेटजवळ अलगद एक चेंडू टाकायचा, अनया धावत आली की डोक्यावरून मागच्या रेषेला एक. पुढे, मागे, पुढे. पहिल्या सेटच्या मध्यावर अनया मागच्या जाळीला धरून ओकली. काकूंचं सगळं श्रीखंड हिरव्या कोर्टवर आलं, वेलचीसकट.

"रिटायर हो, बाळा, सोड मॅच," डॉक्टर बाकावरून म्हणाले.

"आय एम फाइन, बाबा."

अंपायरने मेइयुनकडे पाहिलं. मेइयुनने जाळीबाहेर पाहिलं. ग्वानबाईंनी घड्याळ बघितलं. कोर्ट पुसून झालं, आणि मेइयुनने पुढचा चेंडू नेटजवळ टाकला. अनया धावली. पोर शेवटपर्यंत धावली, हे सांगायला हवं. दुसऱ्या सेटमध्ये तर ती चेंडू गेल्यावरही त्या दिशेला धावत होती. सहा-एक, सहा-शून्य. शेवटी ती बसलेलीच होती, म्हणून मेइयुनने वाकून तिचा हात हातात घेतला आणि नियमाप्रमाणे हलवला.

न हरलेली पाहुणी घरीच राहणार, त्यामुळे सगळे एकाच गाडीतून निघाले. काकू पुढे बसून रडत होत्या. मागे अनयाचं तापलेलं डोकं मेइयुनच्या मांडीवर कलंडलं होतं. मेइयुन टोपीने तिला वारा घालत होती, आणि तो वारा खोटा नव्हता.

डॉक्टरांचा मोबाइल वाजला. त्यांनी तो कानाला लावला आणि मागे न बघता मेइयुनला दिला.

"परवा अव्वल मानांकित पोरीशी आहे," ग्वानबाई म्हणाल्या. "मी विचार बदलला. सेमी फायनल गाठलीस तर येशील."

"हो," मेइयुन म्हणाली.

तिने फोन परत केला. मग अनयाचं डोकं दोन्ही हातांनी हळूच उचललं आणि खिडकीच्या काचेला टेकवलं. त्या भाराने तिचा उजवा पाय बधिर होत चालला होता.